दोन ओट्यांचा नकाशा

सुपडू मिस्त्रींनी माझा नकाशा ओसरीवरच्या खाटेवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून एका बाजूला आपली टोपी आणि दुसऱ्या बाजूला अडकित्ता ठेवला, कानामागची पेन्सिल काढली आणि कागदावर टेकवली.

"हा एक ओटा."

"हाव, काका."

"अन् हा दुसरा ओटा."

"हाव."

"दोन शेगड्या. दोन नळ. भांडी ठेवायले दोन फळ्या."

"हाव. सगळं दोन-दोन."

त्यांनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. टोपी उचलून झटकली आणि डोक्यावर ठेवली. मग दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तितक्या हळू आवाजात विचारलं, "पोरी, नानांनी सांगितलं का वं तुले असं काढायले?"

"नाही. नानांनी अजून पाहिलंच नाही."

"मग आप्पांनी?"

"आप्पांनीही नाही. मीच काढलं. कसं वाटतं?"

सुपडू मिस्त्री उठले. माय चहाचा कप घेऊन दारात येत होती, तिच्याकडे न बघता त्यांनी चपला पायात सरकवल्या. "आज उपास हाये, वहिनी," असं म्हणून ते निघूनही गेले. उपासाला चहा चालतो हे मायलाही माहीत होतं आणि मिस्त्रींनाही.

"काय झालं यांले?" मायने विचारलं.

"माझा नकाशा फार आवडला असेल," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. जळगावच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन मी नुकती गावी परतले होते. वय वीस, नकाशे आखायचा स्वतःच्या मालकीचा टी-स्क्वेअर, आणि गावातल्या कुठल्याही घराकडे बघितलं की ते नेमकं कुठे चुकलंय हे मला लगेच दिसायचं. सर्वांत जास्त चुकलेलं घर आमचंच होतं. स्वयंपाकाची खोली मागच्या अंगाला, गोठ्याला लागून. खिडकी एकच, आणि तीही स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीशी. गॅस जमिनीवर, विळी जमिनीवर, परात जमिनीवर, पाणी मात्र बाहेर अंगणात. एका सकाळी मी वही घेऊन बसले आणि उठाबशा मोजल्या. चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत माय सत्तेचाळीस वेळा उठली आणि मोठी माय बावन्न वेळा. हे ऐकून मोठी माय म्हणाली होती, "मोजत बसण्यापरीस त्यातल्या पाच-दहा तूच उठली असती तर?"

मोठी माय म्हणजे माझ्या मोठ्या काकूला, आप्पांच्या बायकोला आम्ही म्हणायचो ते नाव. आप्पा आणि माझे वडील, नाना, हे सख्खे भाऊ. केळीचं रान एकत्र, घर एकत्र, फटफटी एक. आप्पा पुढे आणि नाना मागे बसून दोघे बावीस वर्षं शेतावर जात होते. आप्पा आणि मोठ्या मायला मूल नव्हतं. आम्ही तीन भावंडं माझ्या मायची, पण मायच्या वाटणीला आम्हाला जन्म देणंच काय ते आलं होतं, त्यापुढचं जेवूखाऊ घालणं मोठ्या मायकडे गेलं होतं. माय रांधायची, मोठी माय वाढायची. कोणाला किती भूक आहे हे ती ताटाकडे न बघता सांगू शकायची. माझा मधला भाऊ अठरा वर्षांचा घोडा झाला होता, तरी भाकरी मोठ्या मायनेच वाढली पाहिजे असा त्याचा हट्ट असे.

आणि या दोघी दिवसभर भांडायच्या. सकाळी सहाला सुरुवात व्हायची.

"कौसल्ये, हळदीचा डबा कुठी ठेवला?"

"जिथी तुम्ही काल ठेवला तिथीच असंल, बाई."

"मी ठेवला असता तर सापडला असता."

"मग सापडत नाई म्हणजे तुम्हीच ठेवला."

माय मोठ्या मायला 'बाई' म्हणायची, अहोजाहो करायची, आणि त्या अहोजाहोतूनच तिखट बोलायची. चोवीस वर्षं हे चाललं होतं. गल्लीतल्या लोकांनी त्यावरून घड्याळं लावली असती.

त्या वर्षी केळीला भाव बरा मिळाला आणि आप्पांनी जाहीर केलं की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत गोठा पाडायचा आणि तिथे स्लॅबचं, मोठ्या खिडक्यांचं नवीन स्वयंपाकघर बांधायचं. "नकाशा आपली उजी काढील. शिकली कायले मग?" असं ते पारावर चार माणसांत म्हणाले. माझं पाऊल आठ दिवस जमिनीला लागलं नाही.

मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. ओट्याची उंची काढायची तर बाईला सरळ उभं करायचं, हात कोपरात दुमडायला सांगायचं, आणि कोपरापासून चार इंच खाली मोजायचं. मी टेप घेऊन दोघींना उभं केलं. माय होती चार फूट दहा. तिच्यासाठी ओटा हवा एकोणतीस इंचांचा. मोठी माय पाच फूट सात, गल्लीतल्या निम्म्या पुरुषांपेक्षा उंच. तिला पस्तीस. सहा इंचांचा फरक. एका ओट्यावर या दोन बायका मावत नव्हत्या, आणि चुकीच्या उंचीवर काम केलं की पाठ कायमची जाते असं आमच्या सरांनी दोनदा अधोरेखित करून सांगितलं होतं. तेव्हा दोन ओटे. पूर्वेच्या खिडकीखाली एकोणतीसचा, उत्तरेच्या खिडकीखाली पस्तीसचा. वाद नको म्हणून नळही दोन आणि हळदीचे डबेही दोन. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं होतं की त्यामुळे घरातली कटकटही थांबेल.

विचारायचं म्हणून मी दोघींना वेगवेगळं विचारलं होतं.

माय म्हणाली, "तुझ्या मोठ्या मायले बरं पडत असंल तर काढ बापा."

मोठ्या मायने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुझ्या मायले बरं पडत असंल तर काढ."

दोन होकार मिळाले म्हणून मी पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवली.

संध्याकाळी नाना दूध घालून डेअरीवरून परतले ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"उजे, खरं सांग. आप्पांनी सांगितलं तुले?"

"काय?"

"वेगळं व्हायचं म्हणून."

नाना खाली बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाले, "सुपडू सगळ्या गावाले सांगत फिरू राह्यला. पाटलांच्या घरात दोन चुली होऊ राह्यल्या म्हणे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे वाटणी कागदावर होत नाही. तलाठ्याच्या दप्तरात दोन भावांची नावं वेगळी लागली तरी चूल एक असेल तर घर एकच धरतात. पण एका घरात दुसरी चूल मांडली, की मग शेताचा बांध कुठे घालायचा हेच लोक विचारतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच गावात जन्मले होते. पण तीन वर्षं मी ओट्याला ओटा समजायला शिकले होते. एकोणतीस आणि पस्तीस यांच्यापलीकडे मी बघितलंच नव्हतं.

"नाना, अहो उंचीसाठी काढले!" मी सगळं समजावून सांगितलं, कोपरापासून चार इंचांसकट.

नानांनी ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू लहान हाये. तुले पुढं केलं कोणी तरी. मी तुले दोष देत नाई."

तासाभराने आप्पांनी मला अंगणात गाठलं आणि हाच प्रश्न विचारला, फक्त नाव बदलून. नानांनी सांगितलं का? मी त्यांनाही कोपर दाखवलं. आप्पा म्हणाले, "सहा इंचासाठी कोणी घर फोडते का वं?" आणि ते समजुतीने हसले. दोघांनाही खात्री पटली की मी दुसऱ्याला वाचवते आहे.

दुसऱ्या दिवशी आप्पा फटफटीवर एकटेच शेतावर गेले. नाना धुळीतून मागून चालत गेले. गिरणीत माझ्या दळणाचा नंबर बायकांनी न मागता पुढे घेतला आणि एकजण माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "होते बाई असं. भांड्याले भांडं लागते." तिसऱ्या दिवशी सावद्याहून लोटूमामा आला. माझ्या मायचा हा धाकटा भाऊ, कुठेही तंटा झाला की स्वखर्चाने पोचायचा. त्याने नकाशा मागवला, उलटा धरला आणि बोट ठेवून सांगितलं, "पूर्वेचा ओटा ताईले घ्यायचा. सकाळचं ऊन येते. यात माघार नाई."

"जेव आणि जाय," माय म्हणाली.

"अगं पण ताई..."

"दोन भाकरी खाय, अन् चारची गाडी पकड."

मामा चारच्या गाडीने गेला. मला वाटलं, माय आता काही तरी बोलेल. पण ती पदर खोचून परत आत गेली.

कारण खरा प्रकार तिथे आत चालला होता. दोघींनी भांडण थांबवलं होतं.

"बाई, हळद पाहिजे का?"

"असू दे, कौसल्ये, मी घेते."

"नाई, मी देते ना."

"बरं बाई. दे."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "यांले बरं नाई का?" जेवताना मधल्याने तिसरी भाकरी मागितली तेव्हा मोठ्या मायने मायकडे बघितलं आणि माय म्हणाली, "वाढा ना, बाई, तुम्हीच वाढा," आणि मोठ्या मायने परक्याच्या घरी वाढावी तशी ती भाकरी त्याच्या ताटाच्या कडेला ठेवली. तो ती न खाताच उठला.

मी नकाशा फाडून टाकायला निघाले होते. पण नाना म्हणाले, कागद फाडून काय होते, मनात आलं ते आलं. आणि खरंच, दोघींनी विचारल्यावर हो म्हटलं होतं. मग कोणाच्या तरी मनात असणारच, असं आता मलाही वाटायला लागलं. मायच्या मनात असेल का? का मोठ्या मायच्या? मी रात्री दोघींच्या चेहऱ्यांकडे बघत जेवायचे आणि मला काहीच कळायचं नाही.

शुक्रवारी बाजार होता. मोठी माय एकटीच गेली आणि पिशवी पदराखाली धरून परत आली. दुपारी घर सामसूम झाल्यावर मला गोठ्याच्या मागे धूर दिसला. जाऊन बघते तर मोठी माय तीन विटा मांडून, काट्या पेटवून बसलेली. विटांवर एक नवंकोरं भगोनं होतं. इतकं लहान भगोनं आमच्या घरात कधीच नव्हतं. आमच्याकडे सगळ्यात लहान भांड्यात दहा माणसांचं वरण व्हायचं.

"हे काय वं, मोठी माय?"

ती दचकली. मग मी आहे हे बघून ओशाळं हसली. "शिकू राह्यली."

"काय?"

"खिचडी."

मोठी माय आखाजीला शंभर माणसांच्या पुरणाचा अंदाज हाताने घ्यायची. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. भगोन्यातली खिचडी वर येऊन झाकण ढकलत होती आणि विटांवर ओघळत होती.

"पाह्य ना," ती म्हणाली, "दोन माणसांचं टाकायचं तर दोन मुठी तांदूळ. टाकले. पण हात थांबतच नाई. एक तुझ्या नानांची, एक तुझ्या मायची, एक तुझी, दोन त्या दोघांच्या. सात झाल्यावरच थांबते मेला. तिसऱ्यांदा करू राह्यली बाजारातून आल्यापासून. दोन कुत्री जेवून गेली."

ती हसत होती. मला हसायला आलं नाही.

"मोठी माय, मग तू दोन ओट्यांना हो कायले म्हणाली?"

तिने काटकीने जाळ मागे ओढला. "तुझी माय थकली असंल माझ्या बोलण्याले. चोवीस वर्षं ऐकू राह्यली बिचारी. आता तिले तिचं वेगळं पाहिजे असंल तर मी कायले आडवी येऊ? घर नानांचंबी हाये. अन् पोरं," ती भगोन्याकडे बघत म्हणाली, "पोरं तर तिचीच हायेत ना."

मी पदराने धरून ते भगोनं विटांवरून उचललं, खिचडी तशीच कुत्र्यांसाठी उपडी केली आणि धावत सुटले. मागून मोठी माय ओरडत होती, "अवं, नवं हाये ते! चटका बसंल!" चटका बसलाच होता.

माय अंगणात वाळवण उलटत होती. मी तिच्यासमोर भगोनं धरलं.

"हे मोठ्या मायने बाजारातून आणलं. दोघांपुरतं शिजवायला. ती गोठ्यामागे बसून दोन माणसांचं शिजवायला शिकते आहे. तिला वाटतं, ओटे तुला पाहिजे आहेत."

मायने भगोन्यात डोकावून बघितलं. बोटाने आतली खिचडीची खरवड काढली, वास घेतला. तिचं नाक लाल झालं. मग तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि चार फूट दहा इंचांची ती बाई अशी चालत निघाली की मला मागे पळावं लागलं.

"बाई!"

हा आवाज चार दिवसांनी ऐकू आला होता. शेजारच्या छतावर सुपडू मिस्त्री काम करत होते, त्यांचा हात थांबला.

"बाई! हे काय हाये?"

"भगोनं," मोठी माय उभी राहात म्हणाली.

"कोणाले विचारून आणलं?"

"मी मोठी हाये या घरात. एक भगोनं आणायले तुले विचारू?"

"दोन माणसांचं? दोन? मंग आम्ही पाच जणं काय मेलो?"

"तोंड सांभाळ, कौसल्ये! ओटे तुले पाहिजे होते."

"मले?" मायचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "मले कायले पाहिजे? तुम्हाले पाहिजे होते! पोरीनं इचारलं तवा मी म्हटलं, बाईले बरं पडत असंल तर काढ!"

"मीबी तेच म्हटलं! कौसल्येले बरं पडत असंल तर काढ!"

"मंग पाहिजे कोणाले होते?"

दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. मी गोठ्याच्या खांबामागे सरकले.

पण मायचं अजून संपलं नव्हतं. चार दिवसांचं साचलेलं होतं. "माझ्या मनात असं आलं असं तुम्हाले वाटलंच कसं, बाई? मले या पोरांले वाढता येत नाई. कोण किती खाते मले ठाऊक नाई. मी ताट केलं का एक उपाशी उठते अन् एकाचं पोट दुखते. चोवीस वर्षं तुम्ही माझ्या डोक्यावर बसल्या, आता मलेच सोडून चालल्या? माझ्या पोरांले मी काय वाढू?"

"माझ्या म्हणते," मोठी माय म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "आत्ताबी माझी पोरं म्हणते."

मायने पदराने नाक पुसलं. "मंग तुमची घ्या! सगळी घ्या! अन् ही इंजिनेर तर आत्ताच घ्या, मले नको! घर फोडलं असतं सटवीनं!"

"मले तरी कायले? तूच ठेव!"

आणि मोठी माय मटकन खाली बसली आणि रडायला लागली. माय तिच्या शेजारी बसली आणि तीही रडायला लागली, आणि रडता रडता दोघी मला शिव्या देत होत्या. त्या कानाला इतक्या गोड लागत होत्या की मी खांबामागून बाहेर आले आणि त्यांच्यासमोर मुकाट उभी राहिले. भगोनं मायने तिथल्या तिथे शेळीपुढे पाण्याला ठेवून दिलं.

आप्पा आरडाओरडा ऐकून फटफटी दारातच टाकून आत आले होते. पाठोपाठ नाना धापा टाकत पोचले. दोघे भाऊ एकमेकांकडे बघेनात.

"तुझ्या मनात नव्हतं ना रे?" शेवटी आप्पांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"माझ्या? मले वाटलं तुमच्या..."

"येडा हायेस का तू?"

"तुम्ही फटफटीवर एकटे गेले ना!"

"तू बसायले आला नाई म्हणून गेलो!"

"मंग," वरून सुपडू मिस्त्रींनी हाक दिली, "आता काम करायचं का नाई? आखाजी तोंडावर आली."

"तुम्ही खाली या आधी!" मोठ्या मायने डोळे पुसत त्यांना झापलं. "उपास हाये म्हणे. तुम्हाले दाखवते उपास."

मिस्त्री खाली आले. त्यांना दोन कप चहा पाजण्यात आला, एक मायने आणि एक मोठ्या मायने, कारण दोघींनीही तो वेगवेगळा टाकला होता आणि त्यावरूनही थोडं झालं. मी नकाशाची मागची बाजू वर केली आणि सगळ्यांच्या समोर, ओसरीवरच बसून, नवीन काढायला घेतलं. एकच ओटा. एक शेगडी, एक नळ, हळदीचा डबा एक.

"उंची किती?" मिस्त्रींनी विचारलं.

"पस्तीस कर," माय म्हणाली. "बाईंचं वय झालं. मी पाट घेईन पायाखाली."

"कोणाचं वय झालं? एकोणतीस कर. पाटावरून पडशील, मंग मलेच करावं लागंल तुझं."

"पाटावरून पडायले मी काय..."

"ऐका ना," मी म्हणाले. मला तोडगा सुचला होता आणि तो पुस्तकात नव्हता म्हणून मी जास्तच खूश होते. "ओटा एकच. पण मधे पायरी करू. अर्धा पस्तीस, अर्धा एकोणतीस."

"नको," मोठी माय म्हणाली. "पायरी आली का लोकं म्हणतील, दोन हायेत."

मग ती उठली. माझा टेप घेतला, ओसरीच्या खांबाला लावला, आणि डोळे बारीक करून बघितलं. एकदा स्वतः शेजारी उभी राहिली, एकदा मायला दंडाला धरून उभं केलं. दोघींच्या मधोमध अंगठा ठेवला.

"इथी. किती येते?"

"बत्तीस," मी वाचलं. "पण मोठी माय, बत्तीस दोघींनाही चुकीचं आहे. तुला वाकावं लागेल. मायला हात वर उचलून काम करावं लागेल. तुझी कंबर जाईल, तिचे खांदे जातील. दोघींचीही गैरसोय होईल!"

"होऊ दे," मोठी माय शांतपणे म्हणाली. "एकीले सोयीचं केलं तर दुसरी तिले बोलंल. दोघींले गैरसोयीचं केलं तर दोघी मिळून तुले बोलू."

माय हसायला लागली. मग आप्पा, मग नाना. सुपडू मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून कागदावर स्वतःच्या हाताने बत्तीस लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. आप्पा आणि नाना सिमेंट सांगायला एका फटफटीवर बसून गेले.

आखाजीच्या दोन दिवस आधी स्वयंपाकघर तयार झालं. दोन मोठ्या खिडक्या, हाताशी पाणी, उठाबस जवळजवळ बंद. गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि प्रत्येकीने आधी ओटे मोजले, मग खिडक्यांची तारीफ केली. त्यानंतर मी कितीतरी घरांची स्वयंपाकघरं आखली, आणि पुस्तकातल्या उंचीला याच्याइतकं चुकलेलं त्यांत एकही नाही. माझं लग्न होऊन मी नाशिकला गेले, गावच्या घरी फोन बसला, आणि पुढची एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे घंटी वाजायची.

"काय वं इंजिनेर," मोठी माय पलीकडून म्हणायची, "काय ओटा केला वं, कंबर गेली माझी."

आणि तिच्या मागून मायचा आवाज यायचा, "अन् खांदे! खांदेबी सांगा तिले, बाई!"